काळी पाच

बरोबर असणाऱ्या माणसाला शिक्षा करायची आपल्या कायद्यात काही सोय नाही. असती तर आमच्या ऑफिसातल्या एका गृहस्थांवर मी केव्हाच फिर्याद केली असती, आणि साक्षीला निम्मं ऑफिस माझ्या मागे उभं राहिलं असतं.

खडकीला एका कारखान्याच्या हिशेब खात्यात आम्ही एकत्र नोकरीला होतो. सगळे त्यांना काका म्हणत. कोणाचे काका होते कोण जाणे. सख्ख्या पुतण्याच्या लग्नपत्रिकेत शुद्धलेखनाच्या चुका काढून त्यांनी ती परत पाठवली होती, त्यामुळे तिकडचं नातं केव्हाच आटोपलं होतं. अंगाने किडकिडीत, मान जरा पुढे काढलेली, शर्टाचं वरचं बटण उन्हाळ्यातसुद्धा लावलेलं. पण त्या एवढ्याशा छातीतून आवाज असा निघायचा की साहेबांच्या केबिनपर्यंत जायला त्याला दार उघडं लागत नसे. देवाने दिलेला हा आवाज त्यांनी आयुष्यभर एकाच कामाला लावला. दुसऱ्याच्या चुका सांगायच्या.

माझी मैत्रीण नलू आमच्याच टेबलावर बसायची. तिच्या लग्नात तिच्या आत्याने हौसेने स्वतः मंगलाष्टक रचलं होतं. त्यात नलूचं नाव, नवऱ्याचं नाव, दोन्हीकडच्या आजोबांची नावं, सगळं गुंफलेलं. अंतरपाट धरलेला, सगळ्यांच्या मुठीत अक्षता, आत्याबाई थरथरत्या आवाजात म्हणताहेत, आणि तिसऱ्या ओळीला मागून आवाज आला, "एक अक्षर कमी पडतंय."

आत्याबाई थांबल्या. भटजी थांबले. काका शांतपणे पुढे म्हणाले, "शार्दूलविक्रीडित आहे ना? मग 'सुपुत्र'च्या जागी 'सुकुमार' घाला. बसेल."

मुहूर्ताची वेळ टळत चाललेली आणि आत्याबाई बोटांवर अक्षरं मोजताहेत. शेवटी 'सुकुमार' घातलं. बसलं, हेच तर संतापजनक. नलू अजून सांगते, माझं लग्न मुहूर्तावर नाही लागलं, वृत्तात लागलं. काकांना या प्रकाराबद्दल मी दुसऱ्या दिवशी चांगलं फैलावर घेतलं, तर म्हणाले, "चूक ती चूक. मांडवात केली म्हणून ती काय सवाष्ण होते?"

राहायचे ते कारखान्याच्या क्वार्टरमध्ये, एकटेच. त्यांच्याकडे एक तानपुरा होता. रोज सकाळी गवसणीतून काढायचे, मांडी घालून बसायचे, खुंट्या पिळून पिळून जुळवायचे, आणि तारा एकदा मनासारख्या वाजल्या की परत गवसणीत घालून कोपऱ्यात उभा करायचे. गाणं नाही, गुणगुणणं नाही, काही नाही. मी एकदा विचारलं, "अहो, मग जुळवता कशाला?" तर म्हणाले, "जुळला की झालं." घ्या. अशा माणसाशी काय बोलणार?

आणि तरी, संगीत नाटक बघायचं तर यांच्याबरोबरच, अशी आमची वाईट खोड होती. कारण दरवर्षी दोनतीनदा ते आम्हाला पुण्याबाहेर घेऊन जायचे. पुण्यात संगीत नाटक बघायचं नाही हा त्यांचा नेम. "पुण्यात प्रेक्षक नसतात हो, परीक्षक असतात," असं म्हणायचे. "नटाने आ केला की यांची पेन्सिल बाहेर." हे कोण म्हणतंय ते बघा. म्हणजे आपण साताऱ्याला, वाईला, सांगलीला जायचं, तिकडच्या साध्या माणसांत बसायचं, आणि तिथे पुण्याची परीक्षा घ्यायची. वाईला एकदा ऐन रंगलेल्या प्रवेशात नायक नायिकेला म्हणाला, "तूच माझा प्रान." तिसऱ्या रांगेतून काका फक्त "ण" म्हणाले. एवढंच. सगळ्या थिएटरला ऐकू गेलं. बिचाऱ्या नायकाने "प्राण" असं दुरुस्त करून म्हटलं, आणि पुढचा सगळा वेळ तो नायिकेऐवजी काकांकडे बघून प्रेम करत होता.

प्रवासाचेही यांचे कायदे. जाताना गाडीत नाटकाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, म्हणे मन कोरं पाहिजे. येताना फक्त त्यांनी बोलायचं. नाटकाआधी गोड खायचं नाही, कान जड होतात. साताऱ्याला उतरून कंदी पेढ्यांच्या दुकानावरून उपाशी पोटी सरळ चालत गेलेली माणसं जगात आम्हीच असू. हे सगळं आम्ही का सोसलं याचं कारण एकच. पद रंगलं की संगीत नाटकात वन्समोअर मागतात, आणि गाणाऱ्याला तेच पद पुन्हा म्हणावं लागतं. काकांनी त्या तोफेच्या आवाजात एकदा "वन्समोअर" म्हटलं की झोपलेलं थिएटरसुद्धा जागं व्हायचं. फार क्वचित म्हणायचे. पण म्हणाले की अंगावर काटा यायचा, हे मी नाकबूल करत नाही.

आता कमलचं सांगते. सांगायला बसले तीच मुळी तिच्यासाठी.

कमल आमच्याच खात्यात होती. तिशीची, अविवाहित, भावाच्या घरी राहणारी. ऑफिसात सगळ्यात हळू बोलायची आणि ऑफिसच्या गणपतीत गायला बसली की शिपायापासून साहेबापर्यंत सगळे चहा विसरायचे. एका वर्षी तिचं पद संपल्यावर काका म्हणाले, "ठीक." आम्ही हसलो, पण कमलचे डोळे भरून आले. काकांचं 'ठीक' कोणालाच मिळालेलं नव्हतं. आठवडाभर ती पोरगी तरंगत होती.

मग एक दिवस तिला संधी आली. एका नाटक कंपनीतली मुख्य गाणारी बाई काविळीने आजारी पडली होती आणि दौरा ठरलेला होता. सातारा, कराड, सांगली, असा. कोणीतरी कमलचं नाव सुचवलं. मालकांनी तिला बोलावलं, चार तालमी घेतल्या, आणि सरळ सांगितलं, "साताऱ्याचा पहिला प्रयोग तुमचा. दुसऱ्या अंकातल्या पदाला वन्समोअर आला तर पुढे कराड. नाही आला तर पुण्याची गाडी धरा. आमची ती बाई वन्समोअर घ्यायची, लोक त्याच्यासाठी येतात." कमलने बिनपगारी रजा टाकली. भावाने घरात तमाशा केला. म्हणाला, जा, पण परत आलीस तर नाटकाचं नाव पुन्हा या घरात काढायचं नाही. म्हणजे एका पदावर तिचं सगळं येऊन ठेपलं होतं.

आम्ही ठरवलं, जायचं. नलू, आमच्याच खात्यातला देसाई, आणि मी. वन्समोअर म्हणजे काय, तीन माणसांनी कडाडून मागितला की मागची तीस मागतात. मी काकांना नेऊ नका म्हणत होते. पण कमलच म्हणाली, "काकांना आणा. ते असले की मला बरं वाटेल."

स्वारगेटवरून गाडी सुटली, कात्रजचा घाट चढली, आणि देसाईने न राहवून काकांचा कायदा मोडला. म्हणाला, "काका, एक विनंती आहे. आज फक्त वन्समोअर. बाकी काही म्हणजे काही नाही."

काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बघू."

पुण्याच्या माणसाच्या 'बघू'वर विसंबणाऱ्यांनी आपली अक्कल आधी तपासून घ्यावी. पण कमलसाठी काका एवढं करतील असं आम्हाला खरोखर वाटलं होतं.

शनिवारचा संध्याकाळचा प्रयोग. थिएटर भरलेलं. कमल पहिल्या अंकात आली तेव्हा मला ओळखूच आली नाही. नऊवारी शालू, नथ, आणि मान अशी ताठ की ही आपल्या शेजारी बसून व्हाउचर तपासते हे कोणाला खरं वाटलं नसतं. पहिलं पद छान झालं. टाळ्या आल्या. नलूने माझा हात दाबला.

दुसरा अंक. ते पद. कमल गात होती आणि थिएटर गप्प होतं. कडव्यात सूर वर वर जातो, अगदी टोकाला, आणि तिथे तिचा आवाज क्षणभर चिरल्यासारखा झाला. क्षणभरच. मला तर तेही कळलं नसतं, पण शेजारी काकांनी श्वास ओढला तो ऐकू आला. तिने लगेच सावरलं आणि पद समेवर आणून सोडलं. टाळ्यांचा कडकडाट. आम्ही तिघं ओरडलो, "वन्समोअर." मागून आवाज उठला, डावीकडून उठला. कमलने आमच्याकडे बघितलं. विंगेत मालक उभे दिसत होते. पेटीवाल्याने भाता हलवून पहिला सूर धरलासुद्धा.

आणि काका उभे राहिले.

मला वाटलं, आता हे म्हणणार, आता थिएटर दणाणणार. ते दणाणलंच. "नको," काका म्हणाले. "पुढे चला."

काकांनी हात वर केला आणि वर्गात समजावून सांगावं तसं सगळ्यांना सांगितलं, "या बाईंची ही पट्टी नाही. पुन्हा म्हणायला लावलंत तर गळा फाटेल."

मागून कोणीतरी म्हणालं, "ओ पाव्हणं, बसा की खाली. आमाला ऐकायचंय." दुसरं कोणी हसलं. कोणी शिट्टी मारली. हसू पसरलं, आणि हशात वन्समोअर कधीच उरत नाही. मालकांनी विंगेतून बोट फिरवलं, पेटीवाल्याने सूर सोडला, समोरच्या नटाने पुढचं वाक्य घेतलं. कमल उभी होती तिथेच उभी होती. तिला तिचं वाक्य आठवायला जरा वेळ लागला.

प्रयोग संपल्यावर आम्ही आत गेलो. मालकांनी कमलला विचारलं, "तुमचीच माणसं ना ही?" कमलने मान हलवली. "आपलीच माणसं नको म्हणतात, तर आम्ही काय करायचं? उद्या तुम्ही पुण्याला जा. कळवतो."

'कळवतो' म्हणजे काय ते नोकरी शोधलेल्या कोणालाही विचारा. आणि तेवढ्यात हे गृहस्थ आत आले. मालकांसमोर उभं राहून म्हणाले, "चूक या बाईंची नाही, तुमची आहे. तुम्ही त्या आजारी बाईंच्या पट्टीत यांना गायला लावलंत. काळी पाच. यांचा गळा पांढरी पाचचा. उतरवून द्या, मग बघा."

पट्टी म्हणजे पेटीवरचा जो सूर 'सा' धरून गायचं तो. प्रत्येक गळ्याची आपापली असते, आणि काळी पाच, म्हणजे पेटीवरची पाचवी काळी, पांढरी पाचपेक्षा चढी, बायकांनाही उंचच पडते. एवढं मलाही काकांच्याच संगतीत कळलेलं. म्हणजे ते बरोबरच सांगत होते. मालकांनी त्यांच्याकडे वरून खाली बघितलं. म्हणाले, "या पदाची पट्टी माझ्या वडिलांनी ठरवली आहे. आमच्याकडे बाई बदलते, पट्टी बदलत नाही."

बाहेर आल्यावर मी काकांना रस्त्यातच धरलं. म्हटलं, "तुम्हाला काही लाज? त्या मुलीचं वाटोळं केलंत."

"पट्टी चुकीची होती की नव्हती?"

"असेल चुकीची. म्हणून काय झालं?"

"मग झालं तर," काका म्हणाले. आणि देसाईच्या बहिणीकडे आमची झोपायची सोय होती तिकडे असे चालत निघाले, जसं काही एखादं बिल तपासून बाजूला ठेवलं. त्या रात्री मी जेवले नाही. काका दोनदा आमटी मागून जेवले.

सकाळी एस.टी. स्टँडवर कमल आली. हातात ट्रंक. डोळे सुजलेले, पण केस नीट विंचरलेले. पुण्याची गाडी लागलेली होती. ती सरळ काकांसमोर येऊन उभी राहिली.

"काका," ती म्हणाली, "पट्टी वर आहे हे मला पहिल्याच तालमीला कळलं होतं."

"मग सांगायचं त्यांना."

"सांगितलं असतं तर घेतलंच नसतं मला. मी पुन्हा म्हणणार होते. गळा फाटला असता तर माझा फाटला असता. तुम्हाला कोणी विचारलं होतं?"

कमलचा एवढा आवाज मी कधी ऐकला नव्हता. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली.

"चूक दिसल्यावर माणसाने गप्प बसायचं?" काकांनी विचारलं. आणि त्यांना खरंच कळत नव्हतं. चेष्टा नव्हती ती.

"हो. बसायचं," कमल म्हणाली. "आम्ही नाही बसत? घरात, ऑफिसात, सगळीकडे बसतो आम्ही. तुम्हाला एक दिवस जमलं नाही."

मी म्हटलं, "चल कमल, जागा पकडू." तर ती म्हणाली, "मी पुण्याला येत नाहीये."

"अगं, पण मालक कळवतो म्हणाले ना?"

"हो. मग कराडला जाऊन ऐकते काय कळवतात ते."

ट्रंक उचलली आणि पलीकडच्या फलाटावर कराडच्या गाडीत जाऊन बसली. आम्ही बघत राहिलो. गाडी सुरू झाली तेव्हा काका तिच्या खिडकीखाली चारसहा पावलं चालत गेले आणि त्या आवाजात म्हणाले, "पांढरी पाच सांगा त्यांना." कमलने काच लावून घेतली.

परतीच्या प्रवासात फक्त त्यांनी बोलायचं असा नियम होता. ते खंबाटकी उतरेपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "चिडल्या आहेत. पण पट्टी बदलून घेतील." मी उठून मागच्या सीटवर गेले.

कमलने नोकरीचा राजीनामा पाठवला तेव्हा ऑफिसला कळलं की कंपनीने तिला ठेवलं. आणि मग सुरू झालं ते मला आजही सहन होत नाही. काका जो भेटेल त्याला सांगायला लागले, "पट्टी मी बदलून दिली त्यांची. नाहीतर साताऱ्यालाच संपल्या असत्या." कँटीनमध्ये सांगितलं, पगाराच्या रांगेत सांगितलं, बुधवार पेठेत छत्री दुरुस्त करायला गेले तर त्या छत्रीवाल्याला सांगितलं. नलू म्हणायची, जाऊ दे गं. का जाऊ दे? ज्या मुलीच्या तोंडातला घास यांनी काढला, ती तो परत मिळवते, आणि हे ढेकर देतात.

पुढच्या वर्षी ते नाटक पुण्याला आलं. काका अर्थातच आले नाहीत. आम्ही तिघं गेलो. परीक्षकांनी भरलेलं पुण्याचं थिएटर, आणि दुसऱ्या अंकातलं ते पद. कमल वर गेली, त्याच टोकाला, आणि तिथे उभी राहिली. आरामात, आपल्याच घरात उभी असल्यासारखी. आम्ही ओरडायला तोंड उघडायच्या आधीच सगळीकडून वन्समोअर आला. तिने घेतला. दुसऱ्यांदा गायली ते पहिल्यापेक्षा सरस गायली. मी तिथे बसून घळाघळा रडले आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

आत जाऊन मी तिला आधी मिठी मारली आणि मग विचारलं, "पट्टी?"

"तीच," कमल म्हणाली. "कराडला मालक नाहीच म्हणाले, तिकडच्याच एका बाईला उभं केलं. मी कंपनीच्या गाडीत कपड्यांच्या ट्रंकांवर बसून सांगलीपर्यंत गेले. तिकडे दुसरी कोणी मिळाली नाही, म्हणून मला उभं केलं. फाटला गं आवाज, एकदा नाही, चारदा फाटला. लोक हसले. रोज पहाटे उठून त्याच पट्टीत बसले. आता बसला गळा तिथे."

मी एवढ्यावर थांबले नाही. मी काकांना ओळखून होते. पेटीवाल्याकडे गेले आणि म्हटलं, कोणती पट्टी ती बोट ठेवून दाखवा. त्यांनी दाखवली. काळी पाच.

"काकांना सांगू?" मी कमलला विचारलं. ती रंग पुसत होती. पुसता पुसताच म्हणाली, "सांग. त्यांना आनंद होईल की नाही कोण जाणे, पण सांग."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळे डबे उघडून बसलो होतो. मी काकांना सगळं सांगितलं. वन्समोअर सांगितला, पहाटेचा रियाज सांगितला, पेटीवाल्याने बोट ठेवलं तेही सांगितलं. टेबलावरचे सगळे हात थांबले होते. काकांनी पोळीचा घास नीट चावून संपवला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मग त्यांच्या पेटीचे सूर उतरले असतील."

मी माझा डबा उचलला आणि खिडकीजवळच्या टेबलावर जाऊन बसले. काका निवृत्त होईपर्यंत मी तिथेच जेवले.